सोबतीला रिया

सायकलची सीट कालच्यापेक्षा दोन बोटं वर होती. हर्षदने पुन्हा एकदा हात लावून पाहिलं. विनिताला पाना कुठून धरायचा हेही ठाऊक नव्हतं, म्हणजे सीट त्या नवीन नावाच्या पोरानेच चढवली होती.

"आता पाय नीट ताणला जातो," विनिता हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "गुडघे दुखायचे ना माझे."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. बायकोचे गुडघे दुखतात हे नवऱ्याला आज कळत होतं आणि परक्या माणसाने त्यावर इलाजही करून टाकला होता.

नाताळची सुट्टी लागली तशी ही टूम निघाली. विनिता आणि हर्षदची धाकटी बहीण रिया एकाच शाळेत. विनिता ऑफिसात, रिया शिकवायला. नवीन हर्षदच्याच कारखान्यातला, साजगावचा. त्याची दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. रियाकडे सायकल होती, विनितासाठी नवीनने आपली जुनी गिअरची आणून दिली. मग रोज उजाडता उजाडता खालापूरहून पळसदरीचं धरण आणि परत.

"दोन बायका आणि तो एक. लोक काय म्हणतील?" हर्षदने आईजवळ कुरकुर केली.

"अरं, सोबतीला रिया असते की," आनंदीबाई म्हणाल्या.

तेच तर, हर्षद मनात म्हणाला. नणंदेला पुढे केलं की वहिनीकडे कोण बोट दाखवणार?

रियाचा तरी काही उपयोग होत होता, असंही त्याला वाटलं. ती एकतीस वर्षांची होती. दोन स्थळं जमत आली होती, दोन्ही वेळा हर्षदने आनंदाच्या भरात साखरपुड्याआधीच गावभर सांगितलं आणि दोन्ही मोडली. तेव्हापासून शाळा सोडली तर ती उंबऱ्याबाहेर पडत नसे. या फेऱ्यांनी तिच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. मोकळ्या हवेचा गुण, असं आनंदीबाई म्हणत.

एकदा जेवताना विनिताने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या कंपनीत नवीन कसा हाय हो वागायला?"

"मला काय इचारतेस? तूच ओळखतेस जास्त."

विनिताने सासूकडे पाहिलं. सासूने मानेनेच नको म्हटलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

पाळी बदलताना नवीन भेटायचा. हर्षदला पाहून उठून उभा राहायचा. "दादा, बसा ना," म्हणायचा, आईची तब्येत विचारायचा. माणूस अपराधी असल्याशिवाय इतका नम्र होत नाही, हे हर्षदचं ठाम मत झालं.

शनिवारी त्याने रजा टाकली आणि मोटारसायकल काढून त्यांच्या मागोमाग गेला. धरणाच्या भिंतीवर विनिता आणि नवीन शेंगा खात बसले होते. ती बोटं मोजत त्याला काहीबाही विचारत होती आणि तो मान खाली घालून उत्तरं देत होता. त्याचे कान लाल झाले होते. मधेच ती खळखळून हसली. रिया वीस पावलांवर, पाठ करून, उगाच सायकलची घंटी पुसत उभी होती.

अशी विनिता आपल्यासमोर शेवटची कधी हसली ते हर्षदला आठवेना. नवीनसारखं सडपातळ अंग नाही, गिअरची सायकल नाही, गुडघ्याचं दुखणं ओळखायची अक्कल नाही. त्याला त्या पोराचा हेवा वाटत होता आणि हेवा वाटतो याचा संतापही येत होता. तो तसाच माघारी फिरला.

सोमवारी दुपारी कारखान्याबाहेरच्या टपरीवर पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा त्याच्या शेजारी येऊन बसला. पळसदरीचा सहदेव, असं त्यानेच सांगितलं.

"तुमी याच कंपनीत ना? नवीन म्हणून पोरगा हाय, कसा हाय?"

"कशाला?"

"सोयरीक चाललीय. चौकशीला धाडलंय मला."

"पोरगी कुठली?"

म्हातारा हसला. "ते नाय सांगायचं. चौकशीत पोरीचं नाव घेत नाय आपल्यात. उद्या मोडलंच, तर चार लोकांत तिची चर्चा नको."

रीत हर्षदलाही ठाऊक होती. क्षणभर त्याला वाटलं, होऊ दे याचं लग्न, पीडा टळेल. पण धरणावरचं ते हसणं पुन्हा कानात घुमलं. माझं घर नासवून हा बोहल्यावर चढणार?

"दारू पितो," हर्षद म्हणाला. हे खोटं होतं, पण जिभेवर सहज आलं. "आणि लोकाच्या बायकोला घेऊन सायकलवर हिंडतो. धरणावर बसतात. मी डोळ्यानं बघितलंय."

"खरं सांगताव?"

"आईची शपथ."

म्हाताऱ्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि तो उठला.

त्या दिवशी हर्षदचं कामात छान मन लागलं. नवीन पाळीला आला, उठून उभा राहिला, तेव्हा हर्षद पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसला. घरी जाताना त्याने पाव किलो जिलेबी घेतली. विनिताला आवडायची.

दार उघडंच होतं. आनंदीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विनिताने रियाला जवळ घेतलं होतं आणि रियाचे खांदे हुंदक्यांनी हलत होते. समोरच्या खुर्चीवर पांढऱ्या टोपीचा तो म्हातारा बसला होता. हर्षदला दारात पाहून तो चकित होऊन उठला.

"अरं, तुमी इकडं कसं?" तो म्हणाला आणि आनंदीबाईंकडे वळला. "बाई, देवच भेटवतो बगा. हाच तो भला मानूस. यानं सांगितलं म्हणून तर तुमची रिया त्या नवीनच्या घरात पडायची वाचली."