पाच गुणांचा प्रश्न

सेमिनारच्या तालमीत आम्हा समुद्रविज्ञानाच्या पीएचडीवाल्यांना प्रश्न विचारण्याचेही पाच गुण असतात. त्यामुळे डुलक्या काढणारासुद्धा शेवटी डोळे चोळत "नमुने किती घेतले?" विचारतो.

दर्शनाने खाडीच्या पाण्यातल्या खारटपणाचा शेवटचा आलेख दाखवला आणि मी हात वर केला. "खारटपणा मोजायचा मीटर होडीवर नेण्याआधी तपासला होतास?"

"नोंदवहीत 'तपासला, ठीक' लिहिलं होतं गं."

"म्हणजे तू तपासला नाहीस," सर म्हणाले. "वर्षाचे आकडे बाद, पुन्हा घे." मग माझ्याकडे वळले. "याला म्हणतात प्रश्न. पाचपैकी पाच."

प्रश्न अचूक असणारच होता. तिच्या आधी माझ्या फेरीत मीटर होडीत आपटला होता माझ्याच हातून, आणि नोंदवहीतलं 'तपासला, ठीक' हेही मीच खरडलं होतं.

चहाला दर्शना शेजारी बसली. "बरं झालं तूच विचारलंस. बाहेरच्या परीक्षकांनी धरलं असतं तर मेलेच होते. पण पुन्हा वर्षभर होडीवर माझ्यासोबत कोण येणार?"

खरं सांगायलाच मी तोंड उघडलं, बाहेर पडलं ते "मी येईन."

तिने स्वतःचं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं. मी ते खाल्लंही.