घुम्याचा आक्षेप

हिरव्या पट्ट्याविरुद्ध एकच आक्षेप आला होता, आणि तो ताईच्या सख्ख्या भावाचा होता.

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी त्याला पुकारलं तेव्हा ताईला वाटलं, कागदांची काहीतरी सरमिसळ झाली असेल. पण भाऊ खरंच उठला. इस्त्रीचा शर्ट, हातात टिपणं. सभागृहातल्या साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. वस्ती त्याला घुम्या म्हणायची. वाण्याशी बोलावं लागू नये म्हणून बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस तो, आणि आता सरळ माइकसमोर जाऊन उभा राहिला.

भिंतीवर मोठा नकाशा होता. कालव्यापलीकडची सगळी शेतं त्यात हिरवी रंगवली होती. हिरवं म्हणजे इथे पीक घ्यायचं, इमारत बांधायची नाही, आज नाही आणि पुढेही नाही. शहर कालव्याला येऊन टेकलं होतं. हा पट्टा मंजूर झाला नाही तर आजूबाजूला इमारती उठणार आणि बहीणभावाने मिळून राखलेलं कोबी-वाटाण्याचं शेतही त्यांच्या घशात जाणार, हे ताईला दिसत होतं. वर्षभर ती दारोदार हिंडून सह्या गोळा करत होती.

"माझा या पट्ट्याला विरोध आहे," घुम्या म्हणाला. "शहरात राहायला घरं नाहीत. नव्या जोडप्यांनी जायचं कुठे?"

मागे कुणीतरी हसलं. ताईला हसू येईना. कुदळी-फावडी ठेवायला साधी शेड बांधू म्हटलं, तर 'तेवढा पालक बुडेल' म्हणून वर्षभर अडून बसलेला हाच तो.

"बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागा शहरात रिकाम्या आहेत," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "घरं तिथे होतील. मुद्दा आणि उत्तर, दोन्ही नोंदवून घ्या. पुढे?"

पुढेही होतंच. रस्ता कुठून काढणार? रोजगाराचं काय? मालकाला स्वतःची जमीन विकायचा हक्क आहे की नाही?

"विकायला मनाई नाही. बांधायला आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि कारकुनाने तेही टाइप केलं.

ताईचं डोकं चालेनासं झालं. गेले काही महिने हा दर शनिवारी शहरात जात होता. विचारलं की म्हणायचा, पंपाचं काम आहे. पंप तर ठणठणीत होता. कुणी मुलगी असेल, असं समजून ताई मनातल्या मनात खूश होती. त्याने सांगितलं नाही याचंही तिला नवल वाटलं नव्हतं. ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कालव्याच्या दोन्ही तीरांना ठाऊक होतं. आता तिला वाटू लागलं, मुलगी कसली, हा त्या शेतांवर टपलेल्या बिल्डरच्याच पायऱ्या झिजवत असणार.

बिल्डरचा वकील शेवटच्या रांगेत बसला होता. सकाळी आला तेव्हा हसतमुख होता. बॅग गच्च भरलेली, पण त्याने ती उघडली नाही की हात वर केला नाही. आता मात्र तो खुर्चीत चुळबुळत होता. घुम्याने पाण्याचा मुद्दा काढला तसा वकिलाने त्याला तळहाताने खूण केली, बसा खाली.

ताईने ती खूण पाहिली. म्हणजे दोघांचं साटंलोटं होतं तर. पण मग हा बिल्डरच्या वकिलाचंही का ऐकत नाही, ते तिला कळेना.

"अजून एक राहिलं," घुम्या म्हणाला, आणि घसा बसेपर्यंत बोलला.

अखेर अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुमचं सगळं ऐकून घेतलं आहे. प्रत्येक मुद्द्याला कारणासहित उत्तर दिलं आहे. आक्षेप फेटाळला. हिरवा पट्टा कायम."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारणीने ताईला मिठी मारली. जिंकल्याचा आनंद कुठे शोधावा, तेच तिला मात्र समजेना.

बाहेर व्हरांड्यात तिने भावाला गाठलं. सगळे बघत होते.

"काय कबूल केलं होतं त्यांनी तुला?"

"ताई, घरी गेल्यावर सांगतो."

"कुठलं घर? आईमागे मी तुला वाढवलं, ते हे ऐकायला? शेत वाचलं ते तुझ्या नाकावर टिच्चून वाचलं. उद्या मधोमध बांध घालू. तुझं तुला, माझं मला. मला भाऊ नाही."

घुम्याने टिपणांची घडी खिशात घातली. मग तो जिना उतरू लागला. नेहमी पाठीवर थाप मारणारी माणसं बाजूला झाली. ताई कठड्याला धरून उभी राहिली. आपण बरोबर बोललो, असं तिने स्वतःला पुनःपुन्हा सांगितलं.

पलीकडे वकील पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. आवाज चढला होता.

"नाही साहेब, आता कोर्टात जाऊन काही उपयोग नाही. आपलं काय ठरलं होतं? इथे मूग गिळून बसायचं, आणि कोर्टात सांगायचं की आमची बाजू कुणी ऐकलीच नाही. आता कुठल्या तोंडाने सांगू? राखून ठेवलेला एकेक मुद्दा त्या माणसाने इथेच मांडला आणि निकालात काढून घेतला. पट्टा आता हलत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वकील गोंधळून जिन्याकडे बघत राहिला.

"म्हणजे? दर शनिवारी तुमच्या ऑफिसात बसलेला दिसायचा, तो तुम्ही पाठवलेला नव्हता?"