बाजूला पडलेल्या पेट्या

२००७ सालची गोष्ट. वाळवंटाकाठच्या केबिली गावातल्या खजुराच्या कोठारात त्या हंगामात पेट्या निवडणारं यंत्र आलं, आणि मब्रूकाचं डोकं तापलं.

बावीस वर्षं ती तिथे थप्प्या रचत होती. पुरुषभर उंचीच्या थप्प्या, आणि दर पाचवा थर आडवा, आत वारा खेळावा म्हणून. तिची आईही तशाच रचायची. हाताखालच्या चाळीसजणी तिला खालती, म्हणजे मावशी म्हणत आणि टरकून असत.

यंत्र थप्पी उचलायचं, एकेक पेटी सुटी करायचं, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने पेटीवरच्या चिठ्ठीचा रंग बघायचं आणि पेटी ज्या त्या पट्ट्यावर ढकलायचं. चिठ्ठी ओळखता आली नाही, की पेटी बाजूच्या घसरगुंडीवरून खाली. त्या पेट्या बायकांनी हाताने निवडून पुन्हा लावायच्या. दिवसाला तीनशे पेट्या खाली येत. संध्याकाळपर्यंत कंबरेचा भुगा होई.

"यंत्र इटलीचं आहे, ते चुकत नाही!" मालक सी तिजानी ओरडला. "वेड्यावाकड्या थप्प्या रचता तुम्ही. असंच चाललं तर एकेकीला घरी बसवीन."

"माझी एक तरी थप्पी कललेली दाखवा," मब्रूका म्हणाली.

"मग पेट्या काय आपणहून उड्या मारतात?"

"इटलीचं आहे ना," मागून तिच्या हाताखालची सालहा पुटपुटली. "आपली तोंडं बघवत नसतील त्याला."

सगळ्याजणी फिसकन हसल्या. मब्रूका हसली नाही. यंत्र सांभाळायला लसाद नावाचा तिशीतला इंजिनियर होता, जवळच्याच गावचा. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"तुझं यंत्र आंधळं आहे की तू?"

"घडी बसेल हळूहळू, खालती."

"हळूहळू? तोवर माझ्या पोरी उपाशी मरतील. घरी बसवीन म्हणतोय तो!"

"म्हणू द्या. अजून बसवलं का कुणाला?"

त्याच्या या थंडपणाने ती आणखीच पेटली.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "आजपासून आडवा थर बंद. सगळे थर सरळ."

"खालती, खजूर घामेजेल," सालहा म्हणाली.

"घामेजू दे. खोट आपल्या रचण्यात नाही, हे त्या मेल्या मालकाला दाखवायचंय."

पहिली सरळ थप्पी रचताना तिचेच हात अडखळले. आईने बघितलं असतं तर काय म्हणाली असती, असं मनात आलं. पण पेट्या पडायच्या त्या पडतच राहिल्या. तीनशेच्या तीनशे. म्हणजे खोट थप्पीत नव्हतीच.

तेव्हा एक दिवस ती उजाडताच कोठारात आली. लसाद शिडीवर उभा होता. त्याने पान्याने कॅमेरा सैल केला, बोटभर तिरका केला आणि पुन्हा आवळला. उतरताना त्याला ती दिसली.

"खालती, हे कुणाला सांगू नका."

"का रे? आमच्या पोटावर पाय देताना लाज वाटली नाही, आता वाटते?"

तो काही सांगणार होता. तेवढ्यात अंगणात मालकाची गाडी थांबली आणि दार उघडलं. "नका सांगू," एवढंच तो दबक्या आवाजात म्हणाला.

मब्रूकाने सांगितलं. चाळीसजणी जमल्यावर, भर कोठारात, शिरा ताणून सांगितलं. लसादने नाकारलं नाही. मालकाने हाकलल्यावर त्याने पिशवी खांद्याला लावली. फाटकाशी पोचल्यावर त्याने एकदा वळून तिच्याकडे बघितलं. ती त्याच्या दिशेने थुंकली.

कॅमेरा सरळ झाला. त्या दिवसापासून एकही पेटी खाली आली नाही. सी तिजानीने सगळ्यांदेखत मब्रूकाची माफी मागितली. "तुमच्या हातात खोट नव्हती," तो म्हणाला. बायकांनी ललकाऱ्या दिल्या. मब्रूकाने घरून खजुराचं सारण भरलेले मक्रूद करून आणले. आठवडाभर त्या रिकाम्या घसरगुंडीशी बसून चहा प्यायल्या. कामावर निवांत चहा बावीस वर्षांत पहिल्यांदाच मिळत होता.

आठव्या दिवशी फाटक उघडलं नाही. बऱ्याच वेळाने सी तिजानी गजांच्या पलीकडे येऊन उभा राहिला.

"यंत्र चुकत नाही आता," तो म्हणाला. "उचलायला पेट्याच पडत नाहीत. आणि सरळ थप्प्या काय, बागेतले गडीही रचून पाठवतात."

मब्रूकाने गज घट्ट धरले.

सी तिजानीने पुढच्या वर्षी दुसरं कोठार बांधलं. सालहा लेकीकडे गाबेसला गेली. मब्रूका लोकांच्या बागांतून पडलेला खजूर वेचू लागली. गुडघे गेले तेव्हा तेही सुटलं. लसादला सफाक्सला ऑलिव्ह तेलाच्या एका कोठारात काम मिळालं. तिथलं यंत्रही रोज दोनशे डबे खाली टाकायचं, मालक रोज शिव्या घालायचा, आणि ते डबे उचलून लावायला तीस बायका वर्षानुवर्षं कामावर होत्या.