नातीसाठी सोफा

साताऱ्याच्या फर्निचरच्या दुकानात दिगंबर नलावडे एका सोफ्यावर बसले आणि दुकानदाराला म्हणाले, "आता आम्ही घरून आणलेल्या या वाळूच्या पिशव्या माझ्या मांडीवर आणि खांद्यांवर ठेवा."

दुकानदार घुटमळला. तेव्हा त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या, "आमची नात चंद्रावर जन्मली. अठरा वर्षांची झाली, आता पहिल्यांदाच घरी येतेय. इथं तिला स्वतःचंच वजन सहापट जाणवणार."

तो सोफा मऊ होता. नलावडे त्यात रुतले आणि घामाघूम झाले, तरी त्यांना उठता येईना. शेवटी दुकानदाराने हात दिला.

"हा नको," ते धापा टाकत म्हणाले.

"अहो, तिला उठवायला आपण आहोत ना?"

"डॉक्टरांनी तिला इथं अकराच दिवस राहायची परवानगी दिलीय. निदान आपल्या घरात तरी तिला आपलं आपण उठता येऊ दे."

चौथा सोफा उंच, घट्ट बैठकीचा होता. सोफ्याच्या हातांवर जोर देत नलावडे एकटेच उठले. "हाच घेऊ," ते म्हणाले.

दुकानदार पिशव्या उचलू लागला, तशा शकुंतलाबाई त्याच सोफ्यावर बसल्या.

"माझ्याही अंगावर ठेवा," त्या म्हणाल्या. "पोर केवढं सोसून आपल्याला भेटायला येतेय, ते मलाही कळू दे."