मोहनसिंगची हजेरी

गोरेगावच्या शाळेत पंचवीस वर्षांनी दहावीचा जुना वर्ग भरला. नजर गेलेले गुरुजी तोंडपाठ हजेरी घेऊ लागले, तसा मोहनसिंगच्या बाकावर बसणारा शिवहार पुढची नावं मोजू लागला. तांड्यावरचा मोहनसिंग पोटामागं पार आसामात गेला आणि तिकडंच वारला, हे गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं काळीज नाजूक झालंय, जपा, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"मोहनसिंग राठोड?"

सगळे शिवहारकडं बघू लागले. त्यानं मान खाली घातली आणि शाळेत असताना बदलायचा तसाच आवाज बदलला.

"हजर, गुरुजी."

गुरुजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

 

"शिवहार, तवा तो शेळ्यांमागं जायचा, म्हणून तुझं खोटं चालवून घेतलं. आज कुठं गेला रे तो?"