अडकलेले कागद

प्रिंटर पुन्हा अडकला होता. शेताच्या खसऱ्याच्या नकलेसाठी बोरगावहून आलेले भाऊराव बाकावर चुळबुळत होते, आणि सातव्या महिन्यातली केतकी टेबलाखाली वाकून वायर तपासत होती.

"अंबाबाई, सुनेले वाकू नका देऊ. मागच्या खेपेचं विसरल्या काय?"

अंबाबाई विसरली नव्हती. मागच्या साली सौंसरच्या घरापुढच्या याच ऑनलाइन कामांच्या दुकानात, याच खुर्चीवर केतकीच्या पोटात कळ उठली आणि सगळं संपलं. यंदा डॉक्टरनं बजावलं होतं, पूर्ण आराम. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून तिचा भाऊ गौरव पांढुर्ण्याहून दोनदा न्यायला येऊन गेला, आणि दोन्ही वेळा या प्रिंटरनं खोडा घातला.

"मी कुठं अडवून राहिली?" अंबाबाई उसळली. "जाय म्हणते ना तिले! पण हे डबडं रोज सकाळी रुसते, त्याले कोण मनवन? माहा मुकुंद दिवसभर शाळेत शिकवाले. मले तर उदबत्ती फिरवण्यापलीकडे काही समजत नाही त्यातलं."

थोरली सून अशीच बाळंतपणाला नागपूरला गेली आणि नवऱ्यालाही तिकडंच बोलावून बसली. अंबाबाई तिचं नाव घेत नसे. 'नागपूरवाली' म्हणे आणि तोंड फिरवी.

दुपारी केतकीनं संगणकावर नोटपॅड उघडून चार ओळी लिहिल्या.

"हे काय करून राहिली व?"

"बॅच फाईल, आई. रोज मी हातानं जे करते, तेच यात लिहिलं. आधी छपाई थांबवायची, अडकलेले कागद काढून टाकायचे, पुन्हा छपाई सुरू करायची. तुम्ही यावर फक्त दोनदा टिचकी मारायची. काही विचारलं तर 'येस'."

तिनं टिचकी मारताच पडद्यावर काळी खिडकी उघडली. पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी पळाली आणि खिडकी आपोआप मिटली. प्रिंटर घरघरला.

"आता तुम्ही करा."

पहिल्याच खेपेला जमलं.

"अगबाई! माऊस तर असा धरला, जसा रोजचाच!"

"अडाणी आहे, लुळी नाही."

"मग शनिवारी गौरवला बोलावू?"

"बोलाव." अंबाबाई हसली, पण तिची नजर त्या मिटलेल्या खिडकीच्या जागेवरून हलली नाही.

नंतर रोज सकाळी प्रिंटर अडके, टिचकी पडे, काळी खिडकी उघडून मिटे आणि कागद सुटे. केतकीला उठावंही लागत नव्हतं. ती आत पाय लांब करून दुपटी शिवत बसे. अंबाबाईचं जेवण मात्र सुटलं. ताट समोर घेऊन ती नुसती बसून राही.

शनिवारी दारात गौरवची गाडी लागली. अंबाबाईनं तांदूळ, नारळ आणि बागेतली संत्री घालून सुनेची ओटी भरली. हळदीकुंकू लावता लावता तिच्या हातातलं ताट खणखणत खाली गेलं आणि ती उंबऱ्यातच बसली.

गौरवनं तिला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. बीपी पार वर गेलं होतं.

"गोळ्या चालू आहेत ना यांच्या?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज मी स्वतःच्या हातानं देते," केतकी म्हणाली.

डॉक्टरनं गोळी वाढवली. यांच्याजवळ सतत कोणीतरी पाहिजे, म्हणाला.

"ताई, तू चल," घरी आल्यावर गौरव हलक्या आवाजात म्हणाला. "जीजाजी पाहतील इथलं."

"शाळा सोडून? आणि यांना अशा टाकून मी कशी येऊ रे? थोडं थांबू."

"मागच्या वेळी पण तू थांबलीच होती, ताई."

बॅग गाडीतून उतरली. गौरव चहा न घेताच गेला.

केतकीनं सासूला खाटेवर उशीला टेकवून बसवलं, नवी गोळी भरवली, पाणी पाजलं आणि कमरेवर हात देत, भिंतीला धरत ती भात टाकायला आत गेली.

तिची पावलं दूर गेल्यावर अंबाबाईनं रोजच्यासारखी गालात दाबून धरलेली गोळी पदरात थुंकली आणि वर गाठ मारली. पहाटे उठून, प्रिंटर बंद ठेवून, एकच कागद पुन्हा पुन्हा छपाईला सोडून तो अडकवत बसायची कटकट आता सुटली होती.