बिनआवाजाचा ज्यूसर

“आणि ह्याचा आवाज?” इन्शिराहने तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानदार वज्दीने कपाळावरचा घाम पुसला. रमजान तोंडावर आलेला, शुब्रा मोहल्ल्यातल्या अर्ध्या बायका त्याच्याच दुकानात लोटलेल्या, आणि ह्या पोरीला रसाचं काही पडलंच नव्हतं.

“ताई, सांगितलं ना. हा गरगर फिरणारा. संत्रं टाकलं की रस हजर. फेस येतो, आवाजही येतो. आणि हा हळूहळू पिळणारा. वेळ घेतो, पण चोथा अगदी कोरडा. आवाज जवळजवळ नाहीच. चांगल्या नवऱ्यासारखा गुपचूप काम करतो.”

“गुपचूप नवरा जन्मभर पाहिलाय मी,” हजला जाऊन आलेली तिची सासू, तहिया हज्जा, म्हणाली. “आत काय शिजतंय, पत्ता लागत नाही. तो आवाजवाला लावून दाखव.”

वज्दीने सोललेलं संत्रं टाकलं. यंत्र असं किंचाळलं की शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. इन्शिराह दोन पावलं मागे सरकली.

तिला एकच किडनी होती. दुसरी लग्नाआधीच काढावी लागली होती, आणि सोयरीक जुळवताना तिच्या आईने ही गोष्ट गिळून टाकली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर पोटात पाणी नाहीतर रस जात राहिला पाहिजे, रोज्याचं नाव काढायचं नाही. नवऱ्याला, मुनीबला, तिने रडत रडत सगळं सांगितलं होतं. माणूस भला, पण आईपुढे त्याची मांजर व्हायची. “इतक्यात बोलू नकोस,” तो म्हणाला होता. “फसवून सून दिली म्हणेल. तुझ्या आईच्या दारात जाऊन तमाशा करेल. आवाज न करणारा ज्यूसर आण. दुपारी ती झोपली की खिडकी लावून पी.”

म्हणे खिडकी लावून! त्यांच्या बिल्डिंगमधली सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडत. खाली कुणी लसूण परतली की वरच्या मजल्यावर शिंका. गेल्या रमजानात भरदुपारी कुणाच्या तरी ग्लासात चमचा वाजला होता. बायकांनी तो ईदपर्यंत चघळला, आणि नवी नवरी घरात आली तेव्हा तिलाही हसत हसत ऐकवला. इन्शिराह तेव्हा हसली नव्हती.

“आई, हाच घेऊ या,” तिने हळू पिळणाऱ्यावर हात ठेवला. “रस... रस छान निघतो ह्यात.”

“रस? तीनदा आवाज विचारलास, चव एकदा तरी घेतलीस का?” हज्जा वज्दीकडे वळली. “काय रे, एका माणसापुरता एकच ग्लास काढायचा, मग थोड्या वेळाने आणखी एक. त्याला कुठला बरा?”

वज्दी गोंधळला. “हज्जा, इफ्तारला लोक जगच्या जग भरतात. एकेक ग्लास कोण काढत बसतं?”

“विचारलं तेवढं सांग.”

“लगेच प्यायचा तर हा फिरणारा. सकाळचा दुपारपर्यंत ठेवायचा तर तो हळूवाला. त्यातला रस जरा टिकतो.”

“ठेवायचा कशाला? ताजाच प्यायचा. हा आवाजवालाच बांध.”

“नको ना, आई!” इन्शिराहचा आवाज चिरकला. “शेजारी ऐकतील.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. इफ्तारच्या धांदलीत सगळीच घरं दणाणत असतात, तेव्हा कोण कुणाचं ऐकतं?

हज्जाने तिचं मनगट धरलं आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या आडोशाला नेलं. आता ही इथेच माझे वाभाडे काढणार, माहेरी धाडणार. इन्शिराहने मान खाली घातली.

“मेंदीच्या आधी तुला न्हाऊ घातलं तेव्हा पाठ कोणी चोळली होती?” हज्जा हळूच म्हणाली.

“तुम्ही.”

“मग कमरेवरचा तो व्रण मला दिसला नसेल? आंधळी समजलीस का मला? माझ्या बहिणीची किडनी काढली होती, तिला अगदी तस्साच होता. आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघतेय मी. आणि तो माझा गाढव, तोसुद्धा लपवतो!”

इन्शिराह तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. हज्जाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मान वळवून, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, “वज्दी, बांधलास का तो किंचाळणारा? माझ्या सुनेला देवाने रोजा माफ केलाय. रोज भरदुपारी, खिडकी सताड उघडून, मी स्वतः लावणार आहे तो!”